मार्टिन लूथर याचें दुखणें आणि त्याचे विरंगुळे

मार्टिन लूथर म्हटला म्हणजे आपल्या मंडळ्यांतील लोकांच्या डोळ्यांपुढें एक धट्टाकट्टा, रुंद छातीचा पुरुष उभा राहतो. 1517 सालीं विटेनबर्ग येथें 95 सिद्धांत मांडणारा आणि 1521 सालीं वर्म्स येथील सभेंत बादशहासमोर आपलें मत मागें न घेणारा हा वीर चित्रांतूनही तसाच रंगविलेला असतो. परंतु हा पुरुष वयाच्या बेचाळिशीपासून मरेपर्यंत, म्हणजे सुमारें वीस वर्षें, दुखणेकरी होता ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. मूतखड्याच्या कळा, कानांतील घणघण, घेरी, डोकेदुखी, सांध्यांचा वातविकार आणि उतारवयांत छातींतील कळ, इतकीं दुखणीं त्याच्या वाट्यास आलीं होतीं. ह्याच वीस वर्षांत त्यानें पवित्र शास्त्राचें जर्मन भाषांतर पुरें केलें, विद्यार्थ्यांस शिकविलें, मंडळी सांभाळली, मुलाबाळांचें घर चालविलें; आणि त्याबरोबरच बाग केली, लांकूड कातण्याचा नाद लावून घेतला, गाणें-बजावणें कधीं सोडलें नाहीं. जो उपदेशक कंबर धरून तीन गांवें पायीं फिरतो आणि रात्रीं घरीं आल्यावर मुलांशीं दोन शब्द बोलण्याचेंही ज्याला त्राण उरत नाहीं, त्यानें लूथरचें चरित्र ह्या बाजूनें अवश्य वाचावें.

लूथरचा जन्म 10 नोव्हेंबर 1483 रोजीं आइस्लेबेन ह्या गांवीं झाला. बाप हान्स हा मान्सफेल्डच्या तांब्याच्या खाणींत राबून वर आलेला मनुष्य. मुलानें वकील व्हावें म्हणून त्यानें त्याला 1501 सालीं एरफुर्टच्या विद्यापीठांत घातलें. तेथें शिकत असतां एकदा मार्टिन एका सोबत्यासह घरीं निघाला होता. शहराबाहेर थोडें अंतर जातो न जातो तोंच कमरेची तलवार त्याच्या स्वतःच्याच मांडींत घुसली आणि रक्ताची मोठी शीर तुटली. जीव कसाबसा वांचला, पण बरेच दिवस अंथरुणावर पडून राहावें लागलें. त्या पडल्या दिवसांत त्यानें ल्यूट नांवाचें तंतुवाद्य हातीं घेतलें आणि गुरूवांचून तें वाजविण्यास शिकला. पुढें जन्मभर हें वाद्य त्याच्या घरांत राहिलें.

1505 सालीं तो मठांत गेला. उपासतापास, थंडींत जागरणें, झोपेची हेळसांड हें सर्व त्यानें इतकें केलें कीं त्यामुळेंच आपली प्रकृति बिघडली असें तो स्वतः पुढें मानीत असे. तें पूर्णपणें खरें असेल किंवा नसेलही. पण देहाचे हाल केल्यानें देव अधिक प्रसन्न होतो ही समजूत त्यानें मठांत स्वतःवर अजमावून पाहिली होती आणि ती टाकून दिली होती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. 1521 सालच्या मे महिन्यापासून तो वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपून राहिला. तेथें मलावरोधानें तो अतिशय हैराण झाला. त्याच किल्ल्यांत सुमारें अकरा आठवड्यांत त्यानें नव्या कराराचें भाषांतर केलें व तें 1522 च्या सप्टेंबरांत छापून निघालें.

1525 सालच्या जून महिन्यांत त्यानें काथरीना फॉन बोरा हिच्याशीं लग्न केलें. ही पूर्वीची जोगीण. बाई मोठी कर्ती व हिशेबी. विटेनबर्गचा जुना मठ त्यांस राहावयास मिळाला. त्या मोठ्या वास्तूंत नवराबायको, पुढें झालेलीं सहा मुलें, आईबाप मेलेलीं नातलगांचीं मुलें, जेवणाखाणाचे पैसे देऊन राहणारे विद्यार्थी, आणि आश्रयास आलेले परके असा गोतावळा जमला. गाईगुरें, डुकरें, मासळीचें तळें, घरीं बनविलेली बीअर, सारें काथरीनाच्या हातीं होतें. लूथर विद्यापीठांत शिकवी, आठवड्यांतून अनेक वेळां उपदेश करी, आणि पत्रें तर इतकीं लिही कीं आज अडीच हजारांहून अधिक उपलब्ध आहेत. कोणा सरदाराचें भांडण, कोणा विधवेचें मानधन, कोणा पाळकाची उपासमार, कोणाच्या लग्नाची अडचण, सर्व कांहीं त्याच्या दारीं येई.

अशा मनुष्यास बागेसाठीं वेळ कोठून मिळणार, असें आपण म्हणूं. पण 1526 सालीं, ज्या वर्षीं मूतखड्यानें त्याला प्रथम गांठलें, त्याच वर्षीं त्यानें मठाच्या आवारांत बाग लावली आणि विहीर खणून घेतली. दोन्ही कामें साधलीं ह्याचा त्याला एवढा आनंद झाला कीं त्यानें आपल्या श्पालाटिन नांवाच्या मित्रास पत्र लिहून, येऊन बाग पाहण्याचें आणि गुलाब व भुईकमळें यांचा मुकुट घालून घेण्याचें निमंत्रण दिलें. बियाणें तो न्युरेंबर्ग व एरफुर्ट येथील मित्रांकडून मागवी. भोपळे, काकड्या, खरबुजें ह्यांची त्याला फार हौस. आपल्याकडील शेतकरी वाचकांस ह्यांत कांहीं विशेष वाटणार नाहीं. परंतु ज्याच्या एका लेखानें रोमची गादी हादरली तो मनुष्य काकडीचें बीं उगवलें कीं नाहीं ह्याची चौकशी करी, हें मनांत आणून पाहण्यासारखें आहे.

त्याच सुमारास त्याला दुसरा नाद लागला. घरीं वोल्फगांग झीबर्गर नांवाचा जुना नोकर होता. धनी व चाकर या दोघांनीं मिळून कातारी-काम शिकण्यास आरंभ केला. विटेनबर्गमध्यें हत्यारें चांगलीं मिळेनात. तेव्हां 1527 सालच्या पहिल्याच दिवशीं त्यानें न्युरेंबर्गच्या लिंक नांवाच्या मित्रास पैसे पाठवून गिरमिटें व कातण्याचीं हत्यारें मागविलीं. वचनाच्या सेवेबद्दल जगानें उद्यां भाकर नाकारली तर हातांच्या कष्टानें पोट भरतां यावें, असें कारण त्यानें लिहिलें होतें. तें अर्धें थट्टेचें होतें, अर्धें नव्हतें. हत्यारें आल्यावर वोल्फगांग घोरत असला तरी आपोआप चालेल असें हत्यार कोठें मिळतें काय, अशा अर्थाची मस्करीही त्यानें केली. वोल्फगांगचा आळस हा त्या घरांतील नेहमींचा विनोद होता. एकदा ह्या नोकरानें पांखरें धरण्याचें जाळें मांडलें, तेव्हां लूथरनें पांखरांच्या वतीनें स्वतःच्याच नांवें एक तक्रारअर्ज लिहून काढला, आणि त्यांत कस्तूर वगैरे पांखरांची कैफियत मांडली. एवढ्या कामाच्या माणसानें असला अर्ज लिहिण्यांत वेळ घालविला म्हणून कोणी हसेल. आम्हांस तरी ह्यांत त्याच्या दीर्घायुष्याचें एक कारण दिसतें.

आतां 1527 सालच्या उन्हाळ्याकडे वळूं. 6 जुलै रोजीं लूथरच्या डाव्या कानांत एकाएकीं समुद्राच्या लाटांसारखा आवाज सुरू झाला, हातपाय गार पडले आणि तो कोसळला. आपण मरणार अशी त्याची खात्री झाली. मंडळीचा पाळक बुगेनहागेन व दुसरा मित्र योनास हे उशाशीं बसले. बायको व वर्षाचा लहान हान्स यांस त्यानें देवाच्या हातीं सोंपविलें. तो वांचला, पण कानांतील तो आवाज पुढें पुन्हा पुन्हा येऊं लागला आणि त्याबरोबर मनाची घोर उदासीनता आली. शरीराच्या दुखण्यापेक्षां ही उदासीनता त्याला जड जाई.

महिना झाला नाहीं तोंच विटेनबर्गांत प्लेग आला. विद्यापीठ येना येथें हलविलें गेलें. राजानें लूथरलाही तेथें जाण्याची आज्ञा केली. जो मनुष्य नुकताच मरणाच्या दारांतून परतला होता, ज्याची पत्नी गरोदर होती, त्यानें गेला असता तर कोणीही बोट दाखविलें नसतें. तो गेला नाहीं. बुगेनहागेन व तो मागें राहिले. मठाचें घर म्हणजे दवाखानाच झालें. नगराध्यक्षाची पत्नी जवळजवळ त्याच्या हातांतच मरण पावली. बुगेनहागेनची बहीण, जी एका सहायक पाळकाची पत्नी होती, बाळंतपणांत प्लेगनें गेली. त्याच्या स्वतःच्या हान्सनें अन्न टाकलें. 10 डिसेंबरला मुलगी एलिझाबेथ जन्मली. वर्षभरांतच, 1528 च्या ऑगस्टांत, तीही गेली.

ह्याच दिवसांत ब्रेस्लौच्या पाळकांनीं त्याला विचारिलें होतें कीं मरणाची साथ आली असतां पळून जाणें ख्रिस्ती मनुष्यास योग्य आहे काय. त्याचें उत्तर छापलेलें आहे आणि तें आजही वाचावें असें आहे. ज्याच्यावर माणसें सोंपविलीं आहेत, तो पाळक असो, अधिकारी असो, घरचा धनी असो, त्यानें त्यांस टाकून जाऊं नये. ज्याच्यावर तसा भार नाहीं, किंवा ज्याचें काम दुसऱ्यानें पत्करलें आहे, त्यानें जीव वांचविण्यास जावें. त्यांत पाप नाहीं. जे राहतील त्यांनीं औषध घ्यावें, घर धुपवावें, आणि गरज नाहीं त्या ठिकाणीं उगीच जाऊन रोग घरीं आणूं नये. धाडस व श्रद्धा ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत हें त्याला स्पष्ट दिसत होतें. कर्तव्यासाठीं मरणाच्या शेजारीं बसणारा हा मनुष्य विनाकारण जीव धोक्यांत घालणाऱ्यास दोष देतो.

पुढच्या वर्षांत त्याच्या खांद्यावरचा भार वाढतच गेला. 1528 च्या सुमारास सॅक्सनींतील खेड्यांची पाहणी झाली, तेव्हां लोकांचें व कित्येक पाळकांचेंही अज्ञान पाहून त्याला धक्का बसला आणि 1529 सालीं त्यानें लहान व मोठी अशा दोन प्रश्नोत्तरावल्या लिहिल्या. खेड्यांतल्या घरधन्यानें मुलांस व चाकरांस शिकवावें म्हणून लहान प्रश्नोत्तरावली निघाली. दुसरीकडे बुगेनहागेन हा ब्राउन्श्वाइग, ल्यूबेक आणि डेन्मार्क येथील मंडळ्यांची घडी बसविण्यास वारंवार जाई, कधीं वर्ष-दोन वर्षेंही परत येत नसे. त्या काळांत विटेनबर्गच्या मंडळीचा उपदेशही लूथरवरच पडे. दुखणेकऱ्याकडे काम कमी जातें असा नियम दिसत नाहीं.

1530 सालीं आउग्सबुर्ग येथें बादशहाची मोठी सभा भरली. लूथरवर राज्यबंदी असल्यामुळें तो तेथें जाऊं शकत नव्हता. म्हणून एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत त्याला कोबुर्गच्या किल्ल्यांत ठेविलें. तेथें त्याचें डोकें असें दुखूं लागलें आणि कान असे घणघणूं लागले कीं कित्येक दिवस वाचणें अशक्य झालें. जूनच्या आरंभीं बाप वारल्याची बातमी आली. असा मनुष्य एकटा खोलींत बसून काय करील? त्यानें स्तोत्रें व संदेष्टे यांचें काम हातीं घेतलें, आणि शीण आला म्हणजे इसापच्या गोष्टी जर्मन भाषेंत उतरवूं लागला. खिडकीबाहेर डोमकावळ्यांचे थवे ओरडत. त्यांची पार्लमेंट भरली आहे असें कल्पून त्यानें घरच्या लोकांस मजेदार पत्र धाडलें. चार वर्षांच्या हान्सला त्यानें एका सुंदर बागेची हकीकत लिहिली, जिच्यांत प्रार्थना करणारीं व शिकणारीं मुलें सफरचंदें वेंचतात आणि लहान घोड्यांवर बसतात. तिकडे आउग्सबुर्ग येथें मेलांख्थोन चिंतेनें व कामानें झिजत होता. त्याला लूथरनें बजाविलें कीं विश्रांतीनेंही देवाची सेवा होते, किंबहुना दुसऱ्या कशाहूनही अधिक होते, म्हणून त्यानें शरीराची नीट काळजी घ्यावी. हा उपदेश लूथरनें स्वतः किती पाळला? अर्धामुर्धा. पत्रें लिहितांना डोकें धरून बसे, तरी पत्रें थांबत नसत.

मात्र एका बाबतींत त्यानें तो पाळला. 1532 ते 1534 ह्या वर्षांत अशक्तपणामुळें देवळांत उभें राहणें कित्येकदां जमेना, तेव्हां रविवारीं तो घरींच बायकामुलें, चाकर व पाहुणे यांस जमवून उपदेश करी. ऐकणाऱ्या मित्रांनीं ते उपदेश उतरून घेतले आणि 1544 सालीं ते पुस्तकरूपानें निघाले. देवळापर्यंत चालवत नाहीं म्हणून सेवा संपली असें त्यानें मानिलें नाहीं. ओसरीवरची मंडळीही त्याला पुरेशी वाटली. त्याच घरीं रात्रीच्या जेवणानंतर गाण्याचीं वह्या-पुस्तकें निघत. मुलें, विद्यार्थी, पाहुणे निरनिराळ्या सुरांत गात आणि लूथर ल्यूट वाजवी. मन काळवंडलें असतां एकटें बसूं नये, माणसांत यावें, गावें, हें त्याचें औषध होतें. मंडळीसाठीं त्यानें तीसाहून अधिक गीतें रचिलीं. म्हणजे ज्याला आपण विरंगुळा म्हणतों तोच मंडळीच्या उपयोगी पडला. कातारी-काम मात्र कोणाच्या उपयोगीं पडल्याचें ऐकिवांत नाहीं. तें नुसतें हातांसाठीं होतें, आणि तेंही ठीकच.

सर्वांत कठीण प्रसंग 1537 च्या फेब्रुवारींत आला. श्माल्काल्डेन येथें सुधारणापक्षाचे राजे व शास्त्री जमले होते. तेथें मांडावयाचें मतपत्र लूथरनेंच आदल्या डिसेंबरांत लिहिलें होतें, आणि तें लिहीत असतां त्याला छातीचा जबर झटका आला होता. श्माल्काल्डेनमध्यें पोंचल्यावर मूतखड्यानें वाट अडविली आणि आठ-दहा दिवस लघवी झाली नाहीं. अंग सुजलें. राजवैद्यांनीं खूप पाणी व पेयें पाजलीं. लसूण व घोड्याची लीद यांचा काढाही दिला असें सांगतात. त्या बिचाऱ्या वैद्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. सभा त्याच्यावांचून चालली. ज्या मतपत्रासाठीं त्यानें जीव शिणविला त्यावर बोलण्यास तो उठूं शकला नाहीं.

मरावयाचेंच तर आपल्या प्रांतांत मरावें म्हणून 26 फेब्रुवारीला त्याला गाडींत घातलें. ऊन कपड्यांनीं शेकण्यास निखाऱ्यांची शेगडी बरोबर होती. डोंगराळ रस्ता, खडबडीत चाकोरी. प्रत्येक हिसक्याला त्याच्या कळा वाढत. परंतु ज्या धक्क्यांनीं जीव जाईल असें वाटत होतें त्यांनींच बहुधा खडा हलला. त्या रात्रीं ताम्बाख नांवाच्या खेड्यांत मार्ग मोकळा झाला. त्याच रात्रीं त्यानें काथरीनाला व मेलांख्थोनला पत्रें लिहिलीं, आणि एक स्वार ती आनंदाची बातमी घेऊन श्माल्काल्डेनकडे दौडला. गोथा येथें दुखणें पुन्हा उलटलें आणि त्यानें बुगेनहागेनजवळ आपलें निरवानिरवीचें बोलणें करून ठेविलें. परंतु मार्चच्या मध्यास तो घरीं पोंचला. नऊ वर्षें अजून उरलीं होतीं.

ह्या नऊ वर्षांविषयीं लिहितांना एक अप्रिय गोष्ट टाळतां येत नाहीं. दुखणें मनुष्यास कोमल करतें असें आपण सहज बोलतों. लूथरला त्यानें पुष्कळदां तिखट केलें. त्याची लेखणी पूर्वींही धारदार होती. उतारवयांत ती कित्येकदां निर्दय झाली. 1543 सालीं त्यानें यहूदी लोकांविरुद्ध जें पुस्तक लिहिलें, त्यांत त्यांचीं सभास्थानें जाळावीं, घरें मोडावीं अशा सूचना आहेत. हें लिखाण आपल्या प्रभूच्या शिकवणुकीस सोडून आहे, आणि शतकांनंतर जर्मनींत यहूद्यांचा संहार करणाऱ्यांनीं त्याचा आधार घेतला. दुखण्याकडे बोट दाखवून तें झांकतां येणार नाहीं, कारण मूतखडा हजारोंना होतो आणि ते असलें पुस्तक लिहीत नाहींत. लूथरच्या नांवानें चालणाऱ्या कित्येक मंडळ्यांनीं विसाव्या शतकांत तें लिखाण उघडपणें नाकारलें आहे, हें योग्यच झालें. 1545 च्या जुलैंत तर तो विटेनबर्गच्या लोकांवरच रुसला. गांवांतील स्वैर वर्तनाला कंटाळून तो बाहेर पडला आणि घरदार विकून टाक असें त्यानें काथरीनाला वाटेवरून लिहिलें. राजानें वैद्य पाठविला, मित्र समजूत घालण्यास गेले, तेव्हां ऑगस्टांत तो परत आला. काथरीनानें घर विकलें नव्हतें.

शेवटच्या वर्षांत दुःखांवर दुःखें आलीं. 1541 सालीं कान फुटून वाहूं लागला व कांहीं काळ ऐकूं येईनासें झालें. 20 सप्टेंबर 1542 रोजीं तेरा वर्षांची माग्दालेना बापाच्या हातांत वारली. डोकेदुखीचा निचरा व्हावा म्हणून वैद्यानें पायावर एक जखम मुद्दाम वाहती ठेविली. चालवेना, तेव्हां लहान गाडींत बसवून त्याला देवळांत व शिकविण्याच्या जागीं नेत. अशा स्थितींतही 1535 सालीं आरंभिलेलें उत्पत्तीच्या पुस्तकाचें विवरण त्यानें 17 नोव्हेंबर 1545 रोजीं शेवटास नेलें, आणि आपण थकलों, पुढें कोणी ह्याहून चांगलें करो, असें विद्यार्थ्यांस सांगून तो खालीं उतरला.

त्यानंतर घरीं बसून बागेंत ऊन घ्यावें असा काळ होता. परंतु मान्सफेल्डच्या सरदार भावांत खाणी व हक्क यांवरून जुनें भांडण होतें, आणि तीं त्याच्या जन्मभूमीचीं माणसें होतीं. दोन फेऱ्या आधींच निष्फळ झाल्या होत्या. 23 जानेवारी 1546 रोजीं, ऐन थंडींत, तो मुलांस बरोबर घेऊन तिसऱ्यांदा निघाला. हाल्ले येथें झाले नदीला पूर आल्यामुळें तीन दिवस खोळंबावें लागलें. आइस्लेबेनजवळ गार वाऱ्यानें त्याला घेरी आली. काथरीना काळजीनें झोपेना, म्हणून त्यानें तिची थट्टा करणारीं पत्रें धाडलीं. पायाच्या जखमेचें औषध मात्र घरींच राहिलें होतें. तीन आठवडे तो भांडणाऱ्यांमध्यें बसला आणि चार वेळां उपदेश केला. शेवटचा उपदेश अशक्तपणामुळें मध्येंच आटोपावा लागला. 16 व 17 फेब्रुवारीला तडजोडीवर सह्या झाल्या. त्या रात्रीं छातींत कळ आली, आणि 18 फेब्रुवारीच्या पहाटे तीनच्या सुमारास, ज्या गांवीं तो जन्मला होता त्याच गांवीं, मार्टिन लूथर मरण पावला. उशाशीं योनास होता आणि मार्टिन व पॉल हीं दोन मुलें होतीं. धाकटा पॉल तेव्हां तेरा वर्षांचा होता. तो पुढें वैद्य झाला.